मागनं बंद हेडफोन

आमची महानंदा रेडिओवर गाणार ही बातमी मला नीलम्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं दिली, आणि तीही माग चालू असताना. कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली, पदर खोचलेला, तोंडभर हसू, आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "पास झाली." मी मागावरची सुताची कांडी बदलत होतो. मीपण ओठांनीच विचारलं, "कशात?" तर म्हणते, "रेडिओत." मला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं.

हे ओठांचं प्रकरण नवख्या माणसाला सांगावं लागतं. सोलापुरात मागाच्या कारखान्यात बोलायचं म्हणजे ओठांनी बोलायचं. घसा फोडून काही उपयोग नसतो. शेजारच्या मागावरचा कल्लप्पा काल रात्री घरी काय भांडण झालं ते मला सविस्तर सांगतो, मी त्याला शिव्या देतो, तो दोन परत देतो, आणि ह्या सगळ्यात कुणाच्या घशातून आवाज म्हणून निघत नाही. घरी आलं तरी सवय सुटत नाही. आमच्या घरात कुणी कुणाला मागून हाक मारत नाही. खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, मग तोंड उघडायचं. पोरगी रांगत होती तेव्हापासून तेच शिकली. पाहुणेरावळे म्हणतात, चनबसप्पाच्या घरची माणसं लई रोखून बघतात. अरे बाबांनो, रोखून बघत नाही, ऐकतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. सोलापूरचं रेडिओ केंद्र सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. महानंदाचे गाण्याचे मास्तर तिला तिथं परीक्षेला घेऊन गेले होते, आणि पोरगी पास होऊन आली. पुढच्या बुधवारी सकाळी तिथं बसून गाणं म्हणायचं, आणि म्हणता म्हणताच ते गावभर ऐकू जाणार. गाणं मास्तरांनी स्वतः रचलेलं होतं. "माळावरच्या वाऱ्या, थोडा थांब ना," अशी त्याची पहिली ओळ.

मला ते गाणं ऐकायचं होतं. नुसतं कानावर पडायला नको होतं, अक्षर न् अक्षर ऐकायचं होतं. पोरीला गाण्याला घातलं तेव्हा मैंदर्गीच्या आमच्या भावकीनं तोंडाला येईल ते बोलून घेतलं होतं. लिंगायताची पोर आणि गाणी म्हणत फिरणार का, चनबसप्पाला काही लाजलज्जा आहे का नाही. मी तेव्हा एकेकाला वाजवून सांगितलं होतं, माझी पोरगी गाणार, तुमी कान झाका. मी जन्मभर चादरी विणल्या. चादर लोक पायाखाली घेतात नाहीतर डोक्यावरून ओढून झोपतात, तिचं कौतुक कोण करतं? ही पोरगी म्हणजे माझ्या हातून झालेलं एकमेव काम, जे माणसं बसून ऐकणार होती. आणि ते मला ऐकू येणार नव्हतं.

कारण काय, तर माग. साखर पेठेतली आमची खोली कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. पलीकडं माग, मागं माग, गल्लीत समोरच्या घरात पण माग. रेडिओ लावला तर ढोलकी कळायची, कुणीतरी गातंय हेही कळायचं, काय गातंय ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आधी मला वाटलं रेडिओ जुना झाला. तो विकून नवा ट्रान्झिस्टर आणला. तोही तसलाच निघाला. बातम्या देणारा माणूस तर असा बोलायचा की तोंडात भाकरी आहे.

"कुंबारीला जावा की माज्या भैनीकडं," नीलम्मा म्हणाली. "तितं एक माग न्हाय. झाडाखाली बसून ऐका."

"पोरगी ह्या गल्लीत वाडली," मी म्हणलं, "गानं ह्याच गल्लीत ऐकनार."

"मग बसा," ती म्हणाली, आणि भांडी आपटायला लागली.

तोड कल्लप्पानं काढली. त्याचा मेव्हणा कुवेतला जाऊन आलेला, त्यामुळं कल्लप्पाला जगातलं सगळं कळतं. तो म्हणाला, हेडफोन म्हणून एक वस्तू असते, दोन्ही कानांवर बसवायची, गाणं थेट कानात, बाहेरचं बाहेर. फक्त एक ध्यानात ठेव, मागनं बंद असलेला घे. खुला घेशील तर मागाचा आवाज आत येईल.

"हेडफोनला मागं-पुढं असतंय व्हय?"

"असतंय," म्हणाला. "विचार जा मैबूबला."

मैबूबचं दुकान विजापूर वेशीत. रेडिओ, टेपरेकॉर्डर, पंखे, सगळं दुरुस्त करतो. हाताला कसब आहे, पण बोलताना कायम खाली मान, हातात डाग देण्याचं यंत्र, आणि गालात पान. त्याचं बोलणं समजून घ्यायला मला नेहमी त्याच्या टेबलावर ओणवं व्हावं लागायचं. मी गेलो आणि म्हणलं, मागनं बंद हेडफोन दे. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"अण्णा, कुनी शिकवलं तुला हे?"

"कुनी का शिकविना. हाय का?"

त्यानं दोन काढले. एक स्पंजाचा, पिवळ्या स्पंजाच्या दोन चकत्या, हलका, हातात घेतला तर वजनच नाही. दुसरा काळा, जपानी, गुबगुबीत गाद्या, पितळी तांब्याएवढा जड. कुवेतहून कुणीतरी आणलेला आणि घरी बायकोनं कटकट केली म्हणून मैबूबकडं आलेला.

"आता ऐक," मैबूब म्हणाला. "ह्यो स्पंजवाला मागनं खुला. ह्येचा आवाज कसा, अंगनात बसून गानं म्हनल्यावानी. मोकळा. पन भायेरची गाडी गेली तरी कानात शिरती. ह्यो काळा मागनं बंद. भायेरचं काय बी आत येनार न्हाय, पन आवाज जरा गोदामातला. गानं पायजे तर खुला घे, शांती पायजे तर बंद."

"मला दोनी पायजे."

"हौ, सगळ्यास्नी दोनी पायजे असतंय," म्हणाला, आणि तबकडी लावली.

तबकडीवर कसलीतरी लावणी होती. मी आधी स्पंजाचा लावला. ढोलकी आली, ठणठणीत. बाईचा आवाज आला, पण जाड कपड्यातून गाळून आल्यासारखा. मग काळा लावला. वेशीतल्या बैलगाड्या, टांगे, सगळं जरा लांब गेलं हे खरं. ढोलकी अजून जोरात आली. बाई तिथंच, कपड्यामागं.

"घुंगरू कसं वाटलं?" मैबूबनं विचारलं.

"कसलं घुंगरू?"

"अरे, खुल्यात तर घुंगरू कान फाडतंय."

"मला न्हाय आलं."

मैबूबनं स्वतः लावून बघितलं. मान डोलवली. मग पलीकडच्या पानपट्टीवाल्याला बोलावलं, त्याच्या कानावर ठेवला. तो तर पाय आपटायलाच लागला. दुकानात पंखा न्यायला एक म्हातारा आला होता, त्याला पण घुंगरू ऐकू आलं. म्हातारा म्हणाला, खुल्यात चार आणे जास्त आहे, बंदात जरा दबतंय, पण आहे. मी परत लावला. डोळे मिटून ऐकलं, श्वास धरून ऐकलं. ढोलकी, फक्त ढोलकी.

मला वाटलं, हे सगळे एकमेकांना सामील आहेत. लग्नात कुणी जिलेबी वाखाणली की मागचे दहा जण न खाता मान डोलवतात, त्यातला प्रकार. मी तसं बोलूनही दाखवलं. मैबूब रागावला नाही. म्हणाला, "नाचता येईना अंगन वाकडं, असं करू नको अण्णा. दोनी घरी घेऊन जा, बुधवारच्या आत ठरव. एक ठेव, एक आनून दे."

दोन्ही पिशवीत घालून मी घरी आलो आणि माझ्या डोक्याचं दही व्हायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कल्लप्पानं काळा लावला आणि चालत्या मागाजवळ जाऊन दचकला. माग बंद पडला म्हणून हात घालायला निघाला होता, मी मनगट धरलं. "अरं, ह्यो घे, ह्योच घे," असं म्हणत त्यानं तो मालकालाही लावून दाखवला. मग स्पंजाचा लावला आणि तोंड वाकडं केलं. सगळा कारखाना आत येतो म्हणाला. मला मात्र काळा लावला तर माग जरा लांब गेल्यासारखा वाटायचा, स्पंजाचा लावला तर जवळ, पण गाणं दोन्हीत तेवढंच धूसर. मग माग लांब जाऊन माझा फायदा काय?

मास्तरांकडं गेलो. मास्तर उलटंच बोलले. बंद नको, बंदात सूर कोंडतो, खुलाच घ्या, असं काहीतरी म्हणाले असावेत. असावेत म्हणतो, कारण मास्तरांच्या मिशा वरच्या ओठावरून खालच्या ओठावर उतरलेल्या, आणि बोलतात तोंडातल्या तोंडात. इतकी वर्षं मला त्यांचं निम्मं बोलणं कळलेलं नाही. शिकलेला माणूस, परत परत विचारायचं कसं? मी मान हलवून आलो.

म्हणजे एक म्हणतो बंद, एक म्हणतो खुला, तिसरा म्हणतो दोन्ही घेऊन जा. आणि मला दोन्हीत काही नाही. मी मागावर उभा राहून विचार करायचो, जेवताना विचार करायचो, भाकरी हातात तशीच राहायची. रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन एकदा हा लावायचा, एकदा तो. पिन फिरवून बघायची, वायर हलवून बघायची, डावा उजव्या कानाला, उजवा डाव्याला. नीलम्माच्या समोर हे सगळं चाललेलं.

"पोरीला स्थळ बगताय का कानटोपी?" ती म्हणाली. "इतकं तर मला बगायला आल्ता तवा बगितलं न्हवतं."

"तवा बगितलं असतं तर हे दिवस आले नसते," मी म्हणलं.

ती हसली. पण मला हसू येत नव्हतं. दिवस सरत होते आणि मला भीती वाटायला लागली होती. बुधवारी पोरगी गाणार, गाव ऐकणार, मैंदर्गीची भावकीसुद्धा चोरून ऐकणार, आणि मी, तिचा बाप, ढोलकी ऐकणार.

सोमवारी दुपारी वीज गेली. गल्लीतले माग एकामागून एक थांबले आणि सगळी साखर पेठ गपगार झाली. माणसं ओट्यावर येऊन तंबाखू मळायला लागली. मी मात्र पळत घरी आलो. म्हणलं, आता ह्या दोघांची परीक्षा होऊनच जाऊ दे. ट्रान्झिस्टर सेलवर चालणारा, त्याला विजेचं काय? काळा लावला. कुणीतरी बाई गात होती. घोंगडीखालून. स्पंजाचा लावला. तीच बाई, तीच घोंगडी.

आता माग नव्हते. एक नव्हता. मग दोष कुणाचा? रेडिओ नवा, सेल नवे, हेडफोन दोन, त्यातला एक जपानी. मी डोक्याला हात लावून बसलो. मला खरंच काही कळेना झालं होतं. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस चिडतो, मी तर रडायला आलो होतो.

महानंदा पोथीला बसावं तशी कोपऱ्यात वही घेऊन गाणं घोकत होती. तिला हात करून बोलावलं.

"हितं ये, माज्या म्होरं बस. सोनाराकडं कसोटी असती का न्हाय, तसं. तू म्हन. मी आदी तुजा खरा आवाज कानात भरून घेतो, मग ह्या दोगांत काय कमी पडतंय ते बगतो."

ती समोर मांडी घालून बसली, हातानं ताल धरला आणि म्हणायला लागली. माळावरच्या वाऱ्या, थोडा थांब ना. काय सांगू तुम्हाला. एकेक अक्षर स्वच्छ. 'वाऱ्या'वर तिनं घेतलेली ती लहानशी गिरकी, 'थोडा'वरचा हलका हात, सगळं.  मी म्हणलं, हे असं पाहिजे, हे ह्या डब्यांत का येत नाही? आणि तिला गाणं तसंच चालू ठेवायला सांगून पिन बघायला खाली वाकलो. पिन जरा ढिली होती.

गाणं थांबलं.

"थांबलीस का? म्हन की."

वर बघितलं तर ती म्हणतच होती. मला वाटलं, श्वास घ्यायला थांबली असेल. परत खाली वाकलो. परत थांबलं. वर बघितलं, चालू.

"महानंदे, गंमत करायची येळ न्हाय ही."

"मी कुटं थांबले, आप्पा?"

"आत्ता थांबलीस. मी खाली बगितलं की थांबतीस."

"न्हाय आप्पा. आईशप्पत न्हाय."

मला राग आला. पोरगी कधी खोटं बोलत नाही, आणि आज बापाची थट्टा करते? मी मुद्दाम मान खाली घातली, पिन हातात धरून बसलो. काही नाही. मान वर केली, तिचे ओठ हलले आणि गाणं आलं. खाली, नाही. वर, आहे. ट्रान्झिस्टरचं बटण फिरवावं तसं माझ्या मानेनं चाललं होतं. मी हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. पोरीचा चेहरा बदलत गेला.

नीलम्मा चुलीपासून उठली. तिच्या हाताला पीठ होतं. तिनं माझ्या खांद्याला हात लावला, समोर आली आणि सावकाश म्हणाली, "तुमी भिंतीकडं तोंड करून बसा."

"कशाला?"

"बसा म्हनते ना."

मी बसलो. भिंतीवर दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर होतं. मी कॅलेंडरवरच्या बसवेश्वराकडं बघत राहिलो. मागं शांतता. शांतता म्हणजे, अगदीच काही नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडं कुणीतरी लांब बोलत असावं तसा घुमारा होता. आवाज होता, गाणं नव्हतं.

"कवा सुरू करनार?" मी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. किंवा दिलं असेल. मी वळलो. पोरगी माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर उभी होती आणि घशाच्या शिरा ताणून गात होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी वळल्याबरोबर तिचे शब्द मला ऐकू आले.

ट्रान्झिस्टर मांडीवरून खाली पडला. मी उचलला नाही.

माझं डोकं चालेना. मी बहिरा नव्हतो. बहिरा माणूस कसा असतो ते मला माहीत आहे, आमचा मैंदर्गीचा संगप्पा काका बहिरा होता, त्याला ढोल वाजवला तरी कळायचा नाही. मला ढोल कळत होता, माग कळत होता, कल्लप्पाच्या शिव्या कळत होत्या. मग मला काय झालं होतं? कधी झालं होतं? मी पोरीच्या गाण्याला मान डोलवली होती, चुकलेली जागा दाखवली होती, लोकांना सांगितलं होतं की माझ्या पोरीचा आवाज असा आहे नि तसा आहे. म्हणजे इतकी वर्षं मी तिचं गाणं ऐकत होतो का बघत होतो?

नीलम्मा माझ्या समोर येऊन बसली.

"हात गुतलं की मी तुमच्या पाठीलाच बोलत होते," ती म्हणाली. "सैपाक करता करता, धुनं धुता धुता. तुमी उत्तर देत न्हवता. मला वाटायचं, मानूस माजलाय. किती शिव्या दिल्या मी तुमाला."

"काय काय दिल्यास?"

"आता कशाला सांगू? ऐकू गेल्या न्हाईत ते बरं झालं."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला हसू आवरेना आणि त्या हसण्याचं रडं कधी झालं ते कळलं नाही. बायकोपोरीसमोर मी असा कधी रडलो नव्हतो. मला मरणाचं वाईट वाटलं. कान गेल्याचं नाही, कान काय, मागावरच्या सगळ्यांचे थोडेफार जातात. पोरगी गाणार आणि रेडिओला ओठ नसतात, ह्याचं वाईट वाटलं.

महानंदानं वही मिटली. "मी बुदवारी जात न्हाय," म्हणाली. "तुमालाच ऐकू येनार न्हाय तर कुनासाटी म्हनू?"

तेव्हा मात्र माझं टाळकं सणकलं. "भावकीच्या थोबाडावर म्हन," मी म्हणलं. "गावासाटी म्हन. जायाचं म्हंजे जायाचं. बाप भैरा झाला म्हनून गानं बंद, असं कुनाच्या घरात असतंय? हात लाव बाजाच्या पेटीला."

तिनं पेटीला हात लावला. वीज आली आणि माग सुरू झाले.

मंगळवारी मी दोन्ही हेडफोन पिशवीत घातले आणि मैबूबकडं निघालो. कुठला घ्यायचा हा प्रश्नच संपला होता. दारात नीलम्मा आडवी आली. पिशवीत हात घालून तिनं काळा, मागनं बंद, काढून घेतला.

"स्पंजाचा देऊन या. ह्यो ठेवा."

"कुनासाटी?"

"मला कान न्हाईत व्हय?"

"तुला कशाला? तुला असाबी रेडिओ ऐकू येतोय."

"माग चालू असताना?" ती म्हणाली. "मलाबी निम्मंच येतंय. पोरगी माजीबी हाय का न्हाय?"

 मैबूबकडं गेलो, स्पंजाचा परत केला, आणि त्याला म्हणलं, तबकडीत घुंगरू होतं, तुमचंच बरोबर होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.  मग पान थुंकून आला, समोर उभा राहिला आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काळ्याची पिन ढिली असंल तर आनून दे. डाग देतो."

बुधवारी महानंदा सकाळीच मास्तरांबरोबर गेली. कल्लप्पा म्हणाला, तुझे माग मी बघतो, तू जा. मी घरी आलो तर नीलम्मानं अंघोळ करून चांगलं लुगडं नेसलं होतं, जसं काही तीच गाणार होती. भिंतीपलीकडं कारखाना दणदणत होता, जमीन पायाखाली थरथरत होती. ती माझ्या समोर पाट घेऊन बसली, ट्रान्झिस्टर मांडीवर, आणि काळा हेडफोन अंबाड्यावरून कानांवर चढवला. चढवल्याबरोबर दचकली. इकडंतिकडं बघितलं. तिच्या जन्मात ह्या घरात तिला इतकी शांतता मिळाली नव्हती.

"काय येतंय?" मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही, पण तिनं माझे ओठ बघितले.

"गप बसा," ओठांनी म्हणाली. "सुम्न कूडरी."

चिडली की ती कानडीत जाते. मी जरा पुढं सरकलो.

मग तिचे ओठ हलायला लागले. आधी निवेदन करणाऱ्या बाईचं. ती पुस्तकी भाषा नीलम्माच्या तोंडात बसेना. "आता सादर, सादर काय ते, भक्तीगीत न्हाय, भावगीत," असं करत करत ती अडखळली, आणि मग एकदम तिचा चेहरा उजळला आणि ओठांवर आमच्या पोरीचं नाव आलं. पुढं आमचं आडनाव. कारखान्यात असलं ओठांचं बोलणं मी हजार वेळा बोललो असेन, पण आमचं नाव असं कुणाच्या ओठांवर कधी बघितलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. मला कसं कळलं, तर नीलम्मानं मान तिरकी केली आणि सावकाश म्हणाली, माळावरच्या. नीलम्मा कधी गात नाही. आरतीला पण नुसत्या टाळ्या वाजवते. पण ती ओठ लांबवत होती, मिटत होती, मध्येच थांबत होती, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. 'वाऱ्या'वर तिचे ओठ फिरले, म्हणजे पोरीनं तिथं गिरकी घेतली. 'थोडा' हलकेच गेलं. कडव्यात एका ठिकाणी ती विसरली, नुसतीच ऐकत बसली, डोळे भरून आले, आणि मी तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा डोळे पुसून परत सुरू झाली. मी तिच्यावर चिडलो नाही. मला तिचा हेवा वाटला, एवढंच.

शेवटचं कडवं झालं आणि पोरगी परत पहिल्या ओळीवर आली. थोडा थांब ना. नीलम्माचं तोंड 'ना'वर उघडलं आणि उघडंच राहिलं. घरी महानंदा हे 'ना' इतकं कधी धरत नव्हती, ते मला पक्कं माहीत होतं, तेवढं तर मी बघितलंच होतं. मी वाट बघत राहिलो. नीलम्माचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर वर आली आणि तिचा दम संपला. तिनं घाईघाईनं श्वास ओढला आणि परत तोंड उघडलं, कारण पोरीचं अजून चालूच होतं.